कपाटात जपलेली ड्राइव्ह

साधा टूथब्रश घेतानाही मी चार दुकानं पालथी घालतो. आई गेल्यावर तिच्या आवाजाची एक प्रत वेगळी जपून ठेवायची ठरवली, तेव्हा एसएसडी ड्राइव्हसाठी फ्रीगंजचा सगळा बाजार धुंडाळला. प्रत्येक दुकानात एकच मोठी फाइल ड्राइव्हवर उतरवायला लावायची आणि मी घड्याळ लावून बसायचं. स्वस्तातली सुसाट सुटली आणि अर्ध्यावर धापा टाकू लागली. महागडी शेवटपर्यंत दमली नाही, पण किंमत ऐकून मीच दमलो. शेवटी मधली घेतली. दुकानदार वैतागून म्हणाला, "भाईसाब, अलमारी में ही रखनी है तो पुरानी वाली हार्ड डिस्क ले जाओ. स्पीड का क्या अचार डालोगे?" मी हसलो. मला कोणी शिकवू नये, असा तेव्हा माझा तोरा होता.

घरी आल्यावर रेकॉर्डिंग तिच्यात उतरवलं आणि ती आईच्या रेशमी खणात गुंडाळून चांदीच्या भांड्यांशेजारी ठेवली. कुणी हात लावायचा नाही, अशी सगळ्यांना ताकीद दिली.

रेकॉर्डिंग वीस मिनिटांचं होतं. राम घाटावरून परतताना ऑटोवाल्याशी झालेलं भांडण आई बाबांना रंगवून सांगत होती आणि मी ते सहज फोनवर टिपलं होतं. पुढे बाबांची आठवण विरत गेली, तसं ते औषधच झालं. दुपारच्या चहानंतर कॉम्प्युटरवर ते लावलं नाही, तर बाबा एकेक दार उघडून तिला शोधायचे. पार बाथरूमपर्यंत. मला ते बघवत नसे.

या उन्हाळ्यात कॉम्प्युटर जळाला. तो जुना फोन केव्हाच मोडीत गेला होता. मी ऐटीत कपाट उघडलं, चार वर्षांत पहिल्यांदाच, आणि ड्राइव्ह लॅपटॉपला लावली. फाइलचं नाव दिसलं, वीस मिनिटंही दिसली. बाबा खुर्चीत सावरून बसले.

"अहो, तो ऑटोवाला म्हणतो..." आई म्हणाली आणि आवाज गेला. मग दोन शब्द. परत काही नाही. अशी ड्राइव्ह वर्षानुवर्षं विजेविना उकाड्यात पडली की विसरायला लागते, हे मी नंतर वाचलं. वेग मोजताना तेवढंच विचारायचं राहिलं होतं. जपता जपता आईला मीच पुसलं, या विचारानं मला माझी चीड आली.

आता बाबा उठणार आणि दारं उघडणार, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते. ऑटोवाला आईला 'अम्माजी' म्हणतो, त्या जागी ते नेहमी हसायचे, बरोबर तिथंच. मी स्पीकरला कान लावला. काहीही नव्हतं.

"अगं, सोडून द्यायचं," बाबा म्हणाले. मग उत्तर ऐकायला थांबले आणि मान डोलावली. मला ते सहन होईना, म्हणून लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"बंद नको करूस. आवाज जरा कमी कर. केवढ्यानं बोलतेय ती, भिंतीपलीकडचे बगलवाले काय म्हणतील?"

मी आवाज कमी केला.