रांगेबाहेरचं रजिस्टर

नितीन गेल्याचं मला ऑफिसच्या जिन्यात कळलं. सकाळी तेलीबांध्याच्या तळ्यावर फिरायला गेला, बाकावर बसला, तो उठलाच नाही... फोन त्याच्या बाबांचा होता. रेल्वेतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. "पोट्टा गेला न बेटा," एवढंच म्हणाले. आणि मी विचारून बसले, "कुठे गेला?" त्याची लाज अजून वाटते.

आम्ही दोघं ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, लिहायचो. त्यानं लिहायचं, मी तपासून मंजूर करायचं. चिपच्या एखाद्या भागाचं काम झालं, की तो भाग आपल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या नोंदीच्या छोट्याशा जागेत, खूण करून हाक मारतो. ड्रायव्हरनं ती हाक ऐकायची आणि खूण पुसायची. पुसली नाही, तर पडदा गोठून बसतो. आमच्या चिपमध्ये असे बारा भाग होते. माहितीपुस्तकाप्रमाणे बाराही रजिस्टरं सारख्या अंतरावर, म्हणजे एकाच फेरीत सगळी वाचून मोकळं व्हायचं. नितीननं मात्र बाराव्यासाठी वेगळा पत्ता देणाऱ्या तीन ओळी जोडल्या होत्या. मी शिस्तीची मोठी बाई! त्याला बोलावून म्हटलं, हे काय ठिगळ लावलंस? तो हसला. म्हणाला, "दीदी, पुस्तक काही म्हणो, हा बारावा पोट्टा रांगेत बसूनच नाही राहिला. मी कार्डावर पाहिलं." मी ती चिप बसवलेलं कार्ड काही लावून पाहिलं नाही. पुस्तकावर बोट ठेवलं आणि खाली शेरा मारला : अपवाद नको, पत्त्यांचं टेबल सरळ कर. "ठीक है दीदी, आप बोल रही हैं तो," म्हणून त्यानं त्या ओळी काढल्या. वाद घालणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. घातला असता तर बरं झालं असतं.

मग काही ग्राहकांचे पडदे गोठायला लागले. बैठकांमध्ये नितीनला उभं करून विचारायचे, कुठे चुकलास? विचारणाऱ्यांत मीही होते. तो मान खाली घालून "पाहून राहिलो" म्हणायचा, आणि बूढ़ापाऱ्यातल्या घरी जाऊनही तेच शोधत बसायचा. माझं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. मलाही त्या तीन ओळी आठवल्या नाहीत, खरंच नाही आठवल्या. हेच मला सहन होत नाही.

तो गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. पहिल्यांदाच मी स्वतः कार्ड लावून बसले, आणि पडदा माझ्यासमोर गोठला. बारावं रजिस्टर खरंच भलत्या जागी होतं. पुस्तकातच चूक होती. फार राग आला स्वतःचा. त्या तीन ओळींसकट त्यानं पहिल्यांदा पाठवलेलं जुनं काम उघडलं. खाली माझा शेरा तसाच होता, आणि तो आता कोणालाच पुसता येत नाही. त्याच्याखाली मी 'मंजूर' केलं. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय...

मंजुरीचा निरोप ते काम लिहिणाऱ्याच्या मोबाइलवर आपोआप जातो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दहा मिनिटांत त्याच्या बाबांचा फोन आला. नितीनचा मोबाइल ते अजून रोज चार्जिंगला लावतात, हे मला तेव्हा कळलं.

"बेटा, त्याच्या फोनवर तुझं काही आलं. मंजूर, असं दिसून राहिलं. काय मंजूर?"

"तो बरोबर होता, काका. चूक माझी होती."



"हव," ते म्हणाले. "पण मी त्याले आता कसं सांगू?"