भाऊबीजेचं तेल आणि मेहुण्याचं डोकं

"तेल! कुणी ओतलं हे तेल?" डॉक्टर ओरडत होते. त्या आवाजानं नसरापूरच्या बाजारातले बैल दावी तोडून पळाले असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

खुर्चीत माझा मेहुणा बसला होता, बायकोचा धाकटा भाऊ, वेल्ह्याहून भाऊबीजेला आलेला. कपाळावरून तेलाचे ओघळ. डोक्याला चिकटवलेल्या चांदीच्या टिकल्या एकेक करून घसरत त्याच्या सदऱ्यात पडत होत्या. मी दाराशी उभा होतो, चेहरा जमेल तितका दुःखी करून.

भोरला तेव्हा अजून संस्थानाचा अंमल होता आणि मी या डॉक्टरांचा कंपाउंडर होतो. त्यांनी विलायतेहून एक यंत्र आणलं होतं, मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारं. मिठाच्या लगद्यानं टिकल्या डोक्याला चिकटवायच्या, कानाशी घंटी वाजवायची. मेंदू त्या घंटीला जे उत्तर देईल ते यंत्राची लेखणी कागदावर रेघ ओढून दाखवी. मग त्याच घंटीच्या पुष्कळ रेघा पातळ कागदांवर उतरवून डॉक्टर ते कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरत. रेघा जुळल्या तर खऱ्या. पण त्या जुळतच नव्हत्या. पोराला ऐकू येतं की नाही हे विचारायला आईबाप लांबून चालत येत, आणि डॉक्टर मला म्हणत, "धडधाकट माणसाची रेघ रोज निराळी निघते, तर या पोराबद्दल मी कोणत्या तोंडानं सांगू?"

म्हणून त्यांना एक भरवशाचं डोकं हवं होतं. ते सापडलं की त्याच्या मालकाला मोटारीत घालून पुण्याला, मोठ्या डॉक्टरांपुढे न्यायचं ठरलं होतं. मला ते डोकं व्हायचं होतं. आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं मी. निदान त्या महिन्यात तरी नाही.

पहिलं डोकं माझंच लागलं. रेघ उमटली ती राजगड, तोरणा आणि मधले झाडून सगळे डोंगर. डॉक्टर म्हणाले, जबडा हलतोय. मी गालातली सुपारी थुंकली. तरी डोंगर खचले नाहीत, कारण ती घंटी किती गोड वाजते हे मी त्यांना सांगत होतो. माझ्यामागून गावचा शिंपी बसला, शाळेचे मास्तर बसले; त्यांच्याही रेघा जुळेनात.

दसऱ्याला मेहुणा आंबेमोहराचं पोतं घेऊन आला आणि गंमत म्हणून खुर्चीत बसला. त्याची रेघ म्हणजे भाटघरच्या धरणाचं पाणी. घंटी वाजली की एक छोटी लाट, परत पाणी. दर वेळी तीच लाट. डॉक्टरांनी कागद काचेवर धरले आणि मलाच बोलावून दाखवले. त्या दिवशी माझ्या पोटात जे जळत होतं त्यावर अख्ख्या भोरचा स्वयंपाक झाला असता.

त्यात दिवाळी आली. पाडव्याला बायकोनं माझ्या टाळूवर तेलाचे चार थेंब टिचकीनं उडवले. भाऊबीजेला भावाच्या डोक्यावर मात्र अख्खी बुधली! मी बघत होतो. त्याच दिवशी डॉक्टरांना त्याची पुण्याआधीची शेवटची रेघ घ्यायची होती हे मला ठाऊक होतं, पण बहीणभावाच्या मायेत आपण कोण बोलणार?

तर डॉक्टर ओरडले आणि मेहुणा म्हणाला, अक्कानं चोळलं. अक्काला बोलावणं गेलं. तिनं उंबऱ्यातूनच सांगितलं, की यंत्र असो नाहीतर राजाची स्वारी, भाऊबीजेला आमच्या घरून भाऊ कोरड्या डोक्यानं जात नाही.

डॉक्टरांनी घसरलेली एक तेलकट टिकली उचलून बोटांत फिरवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, मी तेल कधी लावतो. रोज सकाळी. शिंपी? मास्तर? सगळेच रोज, कुणी बोटभर, कुणी ओंजळभर. आणि मेहुणा? त्याच्या डोक्याला दिवाळीशिवाय तेल माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं रिठे कुटले, त्याचं डोकं धुतलं, पुसलं, टिकल्या लावल्या. भाटघरचं पाणी परत आलं.

झालं! त्या दिवसापासून दवाखान्याचा नियमच झाला: आधी रिठे, मग यंत्र. शिंप्याच्या रेघा जुळल्या, मास्तरांच्याही जुळल्या, माझ्या तेवढ्या नाहीत. आणि डॉक्टर ज्याला त्याला सांगत सुटले, की हे आम्हाला त्या वेल्हेकरानं शिकवलं. त्यानं काय शिकवलं? तो नुसता निथळत बसला होता!

मी म्हटलं, थांब. न्हाव्याकडे जाऊन डोक्याचा चकोटच करून घेतला. वडील हयात असताना! ऐकून आंबवड्याची सोयरी माणसं रडत दारात आली, आणि त्यांना दार उघडलं वडिलांनीच. ते माझ्याशी पुढे किती दिवस बोलले नाहीत ते विचारू नका. मी ताजं तुळतुळीत डोकं घेऊन खुर्चीत बसलो, तोंडातून चकार शब्द काढला नाही. पुन्हा राजगड, पुन्हा तोरणा. डॉक्टर हळूच म्हणाले, "तुम्ही दात फार आवळता हो."

मेहुणा मोटारीनं पुण्याला गेला. अंगात माझा कोट, बायकोनं दिलेला. परत आला तेव्हा मी त्याला आग्रहानं जेवू घातलं, ताटात दोनदा तूप वाढलं, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "खुर्चीत बसलास की मनात काय आणतोस रे? देवाचं नाव घेतोस का?"

त्यानं घास गिळला.

"काय बी न्हाई, दाजी. घंटी वाजती, म्या ऐकतो."