तेल बंद केल्यावरही

आधीच सांगते, भूत, करणी, दैवी संकेत यातलं मी काहीच मानत नाही. आजही नाही. त्यामुळे कमेंटमध्ये लिंबू-मिरची सुचवू नका!

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांच्या मधोमध आमची छोटी टेस्टिंग लॅब आहे. टर्बाइन इंजिनात बसणारी बेअरिंग आम्ही तपासतो – रिंगा स्टीलच्या, बॉल सिरॅमिकचे. यातल्या एका बेअरिंगचं डिझाइन माझं स्वतःचं. शेवटची परीक्षा म्हणजे ते पूर्ण वेगात फिरत असताना तेलाचा पुरवठा तोडायचा. ठरलेला वेळ तगलं तर पास, तापून अडकलं तर माझी सगळी मेहनत पाण्यात.

भर दुपारी मी माझ्या हाताने तेलाचा व्हॉल्व्ह बंद केला. तापमान चढायलाच हवं होतं... ते हललंसुद्धा नाही. वेळ संपून गेला तरी बेअरिंग थंड!

“म्याडम, लई भारी! पास झालं की!” आमचा टेक्निशियन मल्लिनाथ नाचायलाच लागला.

मी मात्र हाउसिंग, म्हणजे बेअरिंगभोवतीचं कवच, उघडलं. बॉलवर ताजं तेल चमकत होतं. आमचं इंजिन ऑइल नव्हे – पॉवरलूमला घालतात ते. आणि त्यात पांढरी रुई. शेजारून उडून आली म्हणाल, तर हाउसिंग सीलबंद होतं.

त्या तेलाचा वास मी झोपेतही ओळखेन. माझे वडील, नाना, जन्मभर लूमवर राबले. मला इंजिनिअर केलं ते त्याच तेलकट हातांनी. गेल्या वर्षी ते गेले.

मला रडू आलं. मग राग आला.

“सही करून टाका की,” मल्लिनाथ हळूच म्हणाला. “वडलांचा आशीर्वाद हाय समजा.”

“आणि इंजिन आकाशात तापलं, तर नाना तिथं ऑइलकॅन घेऊन जाणार आहेत का?”

त्याच डिझाइनचं दुसरं बेअरिंग आम्ही बसवलं. व्हॉल्व्हवर हात ठेवून मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, “नाना, हे माझं काम आहे. मधे पडायचं नाही.”

तेल तोडलं. निम्मा वेळही झाला नाही तोच तापमान भडकलं आणि बेअरिंग किंचाळत अडकलं. उघडून पाहिलं – कोरडं ठणठणीत. रुईचा एक तंतू नाही.

रिपोर्टवर मी ‘फेल’ लिहिलं. आता डिझाइन नव्याने करतेय.

सील तपासलं, सेन्सर तपासले, टाकी धुऊन काढली... स्पष्टीकरण माझ्याकडे अजून नाही, आणि तुमच्याकडचं मला नको. नाना जिवंतपणी माझं कधीच ऐकायचे नाहीत. त्या दुपारी मात्र एका शब्दात ऐकलं.