आगगाडीच्या मुलीचं नाव

बसच्या कारखान्यातल्या त्या फिटरला सगळे आगगाडी म्हणत. आडनावच एवढं लांब, की शिंप्यानं वर्दीच्या खिशावर नाव भरायला घेतलं ते खिसा ओलांडून बटणपट्टीला जाऊन भिडलं. मुकादम म्हणाला, "हे नाव आहे का आगगाडी?" झालं. तेव्हापासून त्याचं खरं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. तो हसायचा. भांडायला ताकद लागते, आणि ती दिवसभर बसची चाकं काढता-बसवताना संपलेली असायची.

मुलगी झाली तेव्हा मात्र त्यानं एकच धरलं. नाव दोन अक्षरी हवं. तोंडात सहज बसलं म्हणजे लोक दुसरं शोधत बसणार नाहीत.

त्याच्या आईला पटेना. "एवढं भारदस्त आडनाव, त्याच्यापुढं चिमणीएवढं नाव? हत्तीपुढं मुंगी चालल्यासारखं दिसेल." तिला स्वतःच्या सासूबाईंचं पाच अक्षरी नाव ठेवायचं होतं.

"अहो आई, ते पुरं म्हणेपर्यंत पोरगी शाळेतून घरी येईल," बायको अंथरुणातूनच म्हणाली.

"तू पड गं. बाळंतिणीनं फार बोलू नये."

"तुम्ही दोघी काय ते ठरवा," असं सवयीनं त्याच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

सुट्टीच्या दिवशी कारखान्यातले दोस्त बाळ बघायला आले. मुकादम पाळण्यात वाकला. "अरे वा, आगगाडीला डबा जोडला की!" सगळे खिदळले. जाताना एकेक जण डब्याला टाटा करून गेला.

कप विसळता विसळता आईचा हात थांबला. "मेले! माझ्या नातीला डबा म्हणतात." मग सुनेकडं न बघता म्हणाली, "ठेव बाई तुमचं ते दोन अक्षरी. आणि लवकर ठेव."

नाव ठरलं. दुसऱ्या दिवशी तो कामावरून आला, तशी बायकोनं विचारलं, "सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं."

"मग?"

"हसले. मुकादम म्हणतो, आमचा डबाच बरा."

तो उंबऱ्यावरच टेकला. ग्रीसनं काळी झालेली बोटं बुटाच्या नाडीवरून नुसती घसरत होती.

"मग तुम्ही काय केलंत?"

"पुन्हा सांगितलं," तो म्हणाला. "उद्याही सांगावं लागेल."