काकूच्या आवाजातली ढवळाढवळ

शाळेत सर म्हणले, ढवळाढवळ हा शब्द सैपाकातून आला. दुसऱ्याच्या पातेल्यात आपली पळी घालून ढवळत बसायचं, ती ढवळाढवळ. मी लगेच आमच्या घरासमोरच्या काकूचा आवाज काढला, "काय शिजवायलीस गं? मीठ टाकलंस का?" वर्ग हसला, सर बी हसले.

आवाज इतका जमतो की काकूचा नवरा सुद्धा "आलो, आलो" म्हणतो.

मागच्या वर्षी ताईला निलंग्याचं स्थळ आलं. पोरगा ताईच्या मनात भरला होता. राहिली फक्त चौकशी. आमच्याकडं पोराचा माणूस गुपचूप गल्लीत येतो, भाड्यानं खोली पाहिजे म्हणतो, अन् हळूच विचारतो पोरगी कशी हाय. शेजारी वाकडं बोलला की खलास. अन् आमची शेजारीण म्हणजे काकू!

त्या दिवशी मी काकूच्या घरी गॅसची टाकी लावून देत होतो. काकू नळावर गेलती. दार वाजलं. पडद्याच्या फटीतून बघितलं, तर ताईला बघायला आलता तो पोराचा मामा!

"जयभीम बाई, खोली हाय का इकडं? अन् ती समोरची पोरगी कशी हाय?"

मी पडद्याआडूनच काकू झालो. "पोरगी गाय हाय हो! राग म्हणून येत न्हाई."

"एक बी खोट न्हाई?"

"एक बी न्हाई."

"मग अवघड हाय," मामा म्हणला. "शेजारीण इतकं गोड बोलायली म्हणजे कायतरी दाबायली."

तेवढ्यात मामाच्या मागून खरी काकू, हातात बादली. "कोण बोलायलंय रे माझ्या घरात?" पडदा सरकवला, मला बघितलं, मामाला बघितलं, सगळं समजली.

"ह्यो तिचा भाऊ, आगाऊ. अन् पोरगी लई तापट हाय. खोटं दिसलं की तोंडावर बोलती. पण माझं ऑपरेशन झालं तवा महिनाभर माझा सैपाक तिनंच केला. बोलावलं नव्हतं मी. आता तुम्ही सांगा, तुमचा पोरगा तंबाखू किती खातो?"

मामा हसतच आत येऊन बसला. चहा पिऊन गेला.

संध्याकाळी निलंग्याहून फोन आला, पसंत हाय. ताई रडायली, हसायली. माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी काकूनं गाठलंच. "माझा आवाज काढ, पण मी एवढी गोड कवा बोलते रे?"

"चुकलं, काकू."

"परत काढून दाखव."

काढला.

"हां. मीठ टाकलंस का, ते राहिलं."