उंदरांच्या स्वादुपिंडात पाहिलेलं

मिरजेला मी पॅथॉलॉजीत एम.डी. करत होते तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. सरांनी एका परदेशी नियतकालिकात वाचलं होतं, की अमुक एक औषध पाच दिवस थोडं थोडं टोचलं तर उंदरांना लगेच काही होत नाही. मधुमेह होतो तो पुढे आठ-दहा दिवसांनी.

"औषध तोवर शरीरातून गेलेलं असतं. मग इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारतं कोण? हे तू बघ," सर म्हणाले.

माझी धाकटी बहीण नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर होती. ते सरांना सांगितलं नाही. नुसतं हो म्हटलं.

प्राणिघर सांभाळायला जतकडचे एक मामा होते, अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेले. रोज सकाळी मी औषध टोचलेल्या उंदरांच्या लघवीचे थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळायची. साखर असेल तर रंग बदलतो. तो बदलतच नव्हता. आठव्या दिवशी मामा दारातच उभे.

"आवं बाई, दुसऱ्या पिंजऱ्यातला भुस्सा लय वला हुतोय. पान्याची बाटलीबी रिकामी."

"गळत असेल, मामा."

"न्हाई वो. बाटली बदलून बघितली की. जनावर आजारी हाय."

त्या पिंजऱ्यातल्या उंदरांची लघवी उकळली, तर द्रावण विटकरी झालं.

त्यातले काही उंदीर मारावे लागले. ते काम मला कधीच सोपं गेलं नाही. स्वादुपिंडाचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. इन्सुलिन करणाऱ्या पेशींची तिथे लहान बेटं असतात, एरवी फिकट, स्वच्छ. इथे त्यांच्याभोवती गडद गोल ठिपके दाटले होते, काही आतही घुसलेले. लिम्फोसाइट. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. आणि जंतू तर कुठेच दिसत नव्हता.

सरांनी बराच वेळ पाहिलं. "हे उंदरात आहे. माणसाबद्दल इतक्यात काही बोलू नकोस."

रविवारी एस.टी.नं साताऱ्याकडच्या आमच्या गावी गेले आणि बोललेच. कारण गुऱ्हाळाच्या दिवसांत धाकट्या पोरीला काकवी भरवली म्हणून तिला मधुमेह झाला, असं आई इतकी वर्षं धरून बसली होती. चुलीपुढे बसून तिला सगळं सांगितलं. वडील फौजेत होते, म्हणून तिला कळेल असं म्हटलं, "आपलेच शिपाई आपल्याच घरावर चालून जातात, आई. उंदरात तरी तसं दिसलं. तुझ्या काकवीनं न्हाई झालं."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपू लागली तशी मीच उतरवली.

"खरं सांगतीस? का माझं मन राखतीस?"

"काकवीचं खरंच सांगते. बाकीचं अजून शोधतोय."

पदरानं तिनं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मग त्या शिपायांस्नी असा हुकूम देतंय तरी कोन?"

"ठाऊक न्हाई, आई."

"मग जा परत. बघ."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी मिरजेला निघाले.