तळाखालची टाकी

जीवनरक्षक मंडळाची ती जुनी मोटरबोट धर्मशाळेमागच्या पत्र्याच्या शेडमधून बाहेर ओढली, तेव्हा जयू तारेनं इंजिनांकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ बोटीत चढली, गुडघ्यांवर बसली, पेट्रोल भरायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि नाक आत घातलं. मग तोंड वाकडं करून वर बघितलं.

"हे पेट्रोल नाही राहिलं काका. वार्निश झालंय याचं."

श्रीधरकाका रेगे मंडळाचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झाल्यापासून घाट हेच त्यांचं ऑफिस. मागच्या एका सिंहस्थाच्या वेळी घेतलेली ही बोट पुढं कुणी बघितली नाही आणि शेडमध्ये तशीच सडत पडली, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. ते म्हणाले, "दोन्ही इंजिनं चालू झाली की झालं न, जयू? पावसाळा तोंडाशी येऊन राहिला."

"इंजिनं होतील. मला भीती टाकीची आहे."

भीती हा शब्द जयू सहसा वापरत नसे. तिचे वडील वसंतराव जळगावकडून रेल्वेच्या नोकरीसाठी उज्जैनला आले, नोकरीत मन रमेना म्हणून ती सोडून माधव नगरात जनरेटर भाड्यानं देऊ लागले. शाळेत असल्यापासून जयू त्यांच्याबरोबर लग्नांना जायची. पंगतीत नाही, मांडवाच्या मागं, जनरेटरपाशी. आत बँड वाजत असायचा आणि ही पोर कान देऊन इंजिन ऐकत बसलेली असायची. आवाज जरा घोगरा झाला की दिवे लुकलुकायच्या आत ती उठायची. वडिलांचे हात कापायला लागले तेव्हा पाने तिच्या हातात आले ते आलेच. पुढं वीज नीट राहू लागली, जनरेटरची मागणी घटली, मग बोअरचे पंप, उसाच्या रसाचे चरखे, जे येईल ते ती उघडू लागली.

पाण्याशी मात्र तिचं कधी जमलं नाही. लहानपणी राम घाटावर आईचा हात धरून उतरताना शेवाळावरून पाय सटकला होता. कुणीतरी केसांना धरून वर काढेपर्यंत डोळ्यांपुढं नुसता हिरवा अंधार होता. त्यानंतर ती पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करायची. आणि लग्न कुणाशी केलं, तर विष्णूशी! शाळेत पी.टी. शिकवणारा, घाटावर बुडणाऱ्यांना काढणारा, पावसाळ्यात क्षिप्रा आडवी पोहून जाणारा. दोघं एकाच गल्लीत वाढलेली, म्हणून लग्नानंतरही तो 'अहो' न होता विष्णूच राहिला. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं.

इंजिनं खरंच झाली. उजवं थोडक्या मेहनतीवर बोललं. डाव्याचे पिस्टन गंजून बसले होते. त्यांच्यावर तेल ओतून रोज थोडं थोडं हलवत राहावं लागलं, आणि एका दुपारी ते कुरकुरत फिरले. कार्बोरेटर उकळून, फुंकून साफ केले. रबरी पाइप तर हातात घेताच चिकट काळं मेण झाले. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनं रबर आतून फुगतं आणि त्याच्या कपच्या निघतात. तिनं सगळे पाइप नवे घातले, मधे पाणी आणि कचरा अडवणारा नवा फिल्टर बसवला.

उरली टाकी. ती पत्र्याची होती, बोटीच्या तळाखाली बसवलेली आणि वरून फायबरनं कायमची बंद केलेली. बाहेर काढायची तर तळ कापावा लागणार. जयूनं रॉकेल ओतून, नळी घालून, उपसून ती धुतली. फडक्यातून गाळलं तर तांबडा गाळ. पुन्हा धुतली, पुन्हा गाळ. शेवटी जरा कमी झाला, पण आला.

"तळ कापू द्या," ती म्हणाली. "दोन इंजिनांना दोन वेगळ्या टाक्या बसवते. आत्ता एकाच टाकीतून दोघांना जातं. ती अडली तर दोन्ही बसतील."

"कापलं तर पावसाळ्याआधी जोडून होईल?" श्रीधरकाकांनी विचारलं.

"नाही होणार."

काकांनी विष्णूकडे बघितलं. विष्णू म्हणाला, "दिवाळीनंतर कापू न. तोवर चालवून तर बघू. एवढी नदी चढते, आणि आपण वल्ही मारत बसायचं का?"

जयूला राग आला तो त्याच्या बोलण्याचा नाही, काकांनी तिचं ऐकून त्याच्याकडे बघितलं त्याचा. तिनं एवढंच सांगितलं, "मग संथ पाण्यातच. खळबळ असली की आतला गाळ वर येणार."

संथ पाण्यात बोट झकास पळाली. काठावरून लोकांनी टाळ्या वाजवल्या. विष्णूनं सुकाणूवरून हात उंच करून जयूला दाखवला. तिनं आपला हात वर केला नाही.

श्रावणात पाऊस लागला तो थांबेचना. राम घाटावरची छोटी देवळं आधी पायऱ्यांपर्यंत, मग दारापर्यंत, मग कळसापर्यंत बुडाली. सकाळी दुकानात असताना विष्णूचा फोन आला. नाल्याकाठच्या वस्तीत पाणी शिरलं होतं, एका घराच्या गच्चीवर माणसं अडकली होती, सरकारी बोटी दुसरीकडं गुंतल्या होत्या. "मी बोट नेतोय," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

जयू स्कूटर घेऊन घाटाच्या वरच्या रस्त्यावर पोचली तेव्हा बोट पाण्यात उतरवलीही होती.

"विष्णू, मी काय म्हणाले होते?"

"आठवतं मला. पण गच्चीवर म्हातारा आहे एक, त्याच्यानं बसवतसुद्धा नाही. काय करू, सांग न तूच?"

तिनं नदीकडे बघितलं. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्यातून अख्खं झाड वाहत निघालं होतं, मुळांसकट. विष्णूला थांबवावं असं तिला वाटलं. थांबवता येणार नाही हेही कळलं. तिनं हत्यारांची पिशवी बोटीत टाकली, मंडळाच्या एका पोरानं भरून आणलेली पेट्रोलची कॅन उचलून मागच्या बाजूला ठेवली आणि लाइफ जॅकेटचे बंद बांधायला लागली.

"तू कुठं? तुला पोहता येत नाही जयू!"

"मला इंजिन येतं," ती म्हणाली आणि बसली. तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

जाताना काही झालं नाही. विष्णू काठाकाठानं, घरांच्या आडोशानं गेला. जयू पाण्याकडे पाठ करून, इंजिनांकडे तोंड करून बसली होती. तिला पाणी दिसत नव्हतं, ऐकू येत होतं. गच्चीला बोट लागली तेव्हा तिथं तिघं जण होते. अलका म्हणून नर्सचं काम करणारी बाई, तिचे आजारी सासरे, आणि शेजारचे एक मास्तर, जे सारखे "जय महाकाल" म्हणत होते. सासऱ्यांना चादरीत घालून खाली घेतलं. अलकानं शाल पांघरली होती ती काढून त्यांच्या अंगावर टाकली.

परत येताना नाल्याचं पाणी जिथं नदीला मिळत होतं, तिथं बोट पहिल्यांदा उधळली. खाली आपटली, वर उडाली, पुन्हा आपटली. आणि जयूनं तो आवाज ऐकला. उजवं इंजिन एकदा खोकलं. मग पुन्हा. मग त्याची बोलती बंद झाली.

"विष्णू, काठाला घे. लवकर!"

"घेऊन राहिलोय!"

एका इंजिनावर बोट जेमतेम वळली असेल, तोच डावंही बसलं. एकदम सगळीकडे नदीचाच आवाज झाला. बोटीचं तोंड फिरलं आणि ती आडवी होऊन भैरवगढच्या दिशेनं वाहू लागली.

जयूनं फिल्टरचं भांडं उघडलं. आत तांबडा चिखल. तो झटकला, भांडं पुन्हा बसवलं, टाकीतून पेट्रोल ओढून घेणारा पाइपमधला रबरी फुगा दाबला. फुगा चपटाच राहिला, भरेचना. पुन्हा उघडलं, पुन्हा चिखल. टाकीनं पोटातलं सगळं एकदम वर काढलं होतं.

"पूल आहे पुढं," विष्णू म्हणाला. आवाज अगदी हळू होता, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली. जुना बुटका पूल पाण्याखाली गेला होता. त्याच्या कठड्याचे खांब तेवढे वर होते आणि त्यांच्यात झाडं, बांबू, पत्रे अडकून पाण्याला उकळी फुटत होती. आडवी बोट तिथं अडकली असती तर उलटीच झाली असती. विष्णूनं नांगर फेकला. तो कशात तरी रुतला, दोर ताणला, बोटीचं तोंड प्रवाहाकडे वळलं. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

जयूनं टाकीचा नाद सोडला. टाकीकडून येणारा पाइप फिल्टरपासून उपसून काढला आणि त्या जागी पिशवीतला जादाचा तुकडा लावून त्याचं दुसरं टोक सरळ कॅनच्या तोंडात घातलं. त्या गडबडीत जुन्या पाइपमधलं पेट्रोल भळकन सांडलं. मागच्या खोलगट भागात, जिथं तापलेली इंजिनं होती आणि शेजारीच बॅटरी. वास डोक्यात चढला.

नांगराचा दोर एक झटका खाऊन सैल झाला. नांगर घसरत होता.

"मार जयू! बटण मार!"

"थांब."

"अगं पूल आला!"

"ठिणगी पडली तर सगळे जळू! थांब म्हणते न!"

तिनं अलकाकडे हात केला. "ताई, शाल द्या."  अलकानं सासऱ्यांच्या अंगावरची शाल ओढून दिली. जयूनं त्या शालीनं पेट्रोल टिपलं, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि शाल नदीत भिरकावली.  मग वल्ह्याच्या पात्यानं त्या खोलगट भागात वारा घालायला लागली. खांबांपाशी फुटणाऱ्या पाण्याचे शिंतोडे आता तोंडावर येत होते. विष्णू तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याला बटणापर्यंत हात नेता आला असता. त्यानं नेला नाही.

वास विरळ झाला. पूर्ण गेला नव्हता, म्हणून बटणाचा धोका न घेता तिनं बॅटरीची तार काढून टाकली. जयूनं फुगा दाबला, तो मऊ लागला, मग भरला. डाव्या इंजिनाची, ते हातानं चालू करायची दोरी तिनं हाताला गुंडाळली आणि ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. इंजिन गुरगुरलं आणि मेलं. तिसऱ्यांदा ती उभी राहिली, त्या डुलणाऱ्या बोटीत, जिला पोहता येत नव्हतं ती, आणि सगळं अंग मागं झोकून दोरी ओढली.

डावं इंजिन लागलं.

तरी बोटीची मागची कड एका खांबाला घासलीच. फायबर फाटल्याचा आवाज झाला, पाणी आत यायला लागलं. विष्णूनं नांगराचा दोर कापला आणि तोंड काठाकडे धरलं. एका इंजिनावर ती बोट पुढं जात नव्हती, तिरकी सरकत होती. जयू एका हातानं कॅन उभी धरून दुसऱ्या हातानं फुगा दाबत होती, अलका आणि मास्तर डब्यानं पाणी उपसत होते. भैरवगढपाशी, जिथं एरवी कापडावर छपाई करणारे छपाईवाले आपलं कापड धुतात, तिथल्या चढावर बोटीचा तळ खरवडला आणि ती थांबली.

वरून छपाईवाले धावत आले. त्यांनी म्हाताऱ्याला उचलून नेलं, त्याच्याभोवती नव्या कोऱ्या छापील चादरी गुंडाळल्या. कुणीतरी जयूच्या हातात चहा दिला. "पी लो भाभी, गरम है." तिला पेला धरवेना. दोरीनं तळहात सोलला होता आणि ते तिला तेव्हाच कळलं. मग ती चढावर बसली आणि रडली, मोठ्यानं, लोकांसमोर. विष्णू शेजारी बसला होता. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकून टाकला.

अलकाचे सासरे बरे झाले. श्रीधरकाकांनी सत्कार ठेवला; जयू गेली, नारळ घेतला, भाषण केलं नाही. घरी मात्र चार-आठ दिवस कामापुरतंच बोलणं होतं. एका सकाळी विष्णू चहा गाळताना म्हणाला, "मी तुझं ऐकायला पाहिजे होतं."

"हो," जयू म्हणाली.

"काकांसमोर तू बोललीस तेव्हाच."

"हो. तेव्हाच."

त्यानं कप तिच्यापुढं ठेवला. माफी कशी मागायची हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ती कशी द्यायची हे तिला. पण तो दिवाळीची वाट न बघता करवत घेऊन शेडवर गेला, आणि तिनं खडूनं आखून दिलं तिथं त्यानं तळ कापला. टाकी बाहेर काढून फोडली तर आतून पत्र्याचे पापुद्रे सुटले होते, पिंपळाच्या वाळक्या पानांसारखे. ते श्रीधरकाकांनी एकेक उचलून बघितले. जयूनं टेप उलगडली. तिला दोन नव्या टाक्यांची मापं घ्यायची होती.

पुढच्या वर्षी नदी पुन्हा चढली. निरोप आला, पोरांनी बोट उतरवायला घेतली. विष्णू जॅकेट घालून तयार होता. जयूनं दोन्ही इंजिनं चालवून बघितली. उजव्याचा आवाज तिला पसंत पडला नाही. काय बिघडलंय ते सांगता येईना.

"जाऊ?" विष्णूनं विचारलं.

पोरं तिच्याकडे बघत होती. पलीकडच्या काठावर कुणीतरी वाट बघत असणार, हे तिला कळत होतं. नाही म्हणणं आज गेल्या वर्षीपेक्षा जड होतं, कारण आज ते ऐकलं जाणार होतं.

"असं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या बोटीला फोन करा. तोवर मी उघडून बघते."

विष्णूनं जॅकेट काढलं नाही. पण तो बोटीतून उतरला, फोन लावला, आणि मग तिच्याशेजारी बसून तिला एकेक पाना देऊ लागला.